खरं म्हणजे ‘पण’

फौंड्रीत नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. हात बरे आहेत. पंचवीस वर्षं मी कोल्हापूरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात होते, पण लोखंडाला हात लावायची वेळ क्वचितच आली. माझं काम इंग्रजीचं होतं. आमच्याकडे पंपांचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग ओतले जात, ते परदेशी जात, आणि ते जाण्याआधी, जाताना आणि गेल्यानंतर जी काही भांडणं व्हायची ती माझ्या टेबलावरून व्हायची. मालक कोल्हापुरीत बोलत, मी ते इंग्रजीत लिही. गिऱ्हाईक इंग्रजीत तक्रार करी, मी ती मालकांना मराठीत सांगे, थोडी मऊ करून. मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन इकडे आले आणि सहा महिन्यांत ही नोकरी लागली. मालकांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता, शिव्या इंग्रजीत करता येतील का. मी म्हटलं, शिव्या न देता तोच परिणाम करता येईल. दुसऱ्या दिवसापासून कामावर.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पत्रं लिहायची म्हणजे मोठेमोठे शब्द यायला हवेत. तसं काही नाही. व्यापारी पत्राचे दोन भाग असतात, एक गोड आणि एक कडू, आणि सगळी कसोटी मधल्या छोट्या शब्दाची. माल पोचला, पण. दर मान्य, मात्र. इंग्रजीत या ‘पण’चा मोठा गोतावळा आहे. ‘बट’ हा सरळ तोंडावर बोलणारा. ‘हाउएव्हर’ आला की समजायचं, वकिलाला विचारून पत्र लिहिलंय. ‘यट’ आणि ‘स्टिल’ यांच्यात ‘एवढं होऊनसुद्धा’ असा रुसवा असतो. ‘ऑल्दो’ वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि त्याचाच धाकटा भाऊ ‘दो’ कुठेही येतो, सुरुवातीला, मध्ये, आणि शेवटीसुद्धा. या ‘दो’चं स्पेलिंग टी-एच-ओ-यू-जी-एच. सहा अक्षरं लिहायची आणि एकाचा आवाज काढायचा, ही कुठली काटकसर, असं मालक म्हणत.

आपल्या मराठी माणसाची या ठिकाणी एक ठरलेली चूक होते. आपल्याकडे ‘जरी’ आला की ‘तरी’ आलाच पाहिजे, एकट्या ‘जरी’ला आपण वाक्यात उभं करत नाही. त्यामुळे आमचे इंजिनिअर सुरुवातीला ‘ऑल्दो’ लिहायचे आणि मध्ये न चुकता ‘बट’ घालायचे. इंग्रजीत दोघांपैकी एकच चालतो. मी आयुष्यात किती ‘बट’ खोडले याचा हिशेब नाही. एका बहाद्दराने तर आमचं बीड किती चिवट आहे हे सांगताना ‘टफ’मध्ये एक एच जास्त घातला आणि ‘आमचे भाग फार दो आहेत’ असं पत्र जर्मनीला गेलं. तिकडून अत्यंत गंभीरपणे विचारणा आली की हा गुणधर्म कोणत्या यंत्रावर मोजतात.

शेवटी येणाऱ्या ‘दो’ची ओळख आम्हाला एका इंग्रज गिऱ्हाइकाने करून दिली. तेव्हा फॅक्स होता. नव्या भागाचा नमुना आम्ही पाठवला होता आणि त्याचं उत्तर आलं, दोनच ओळींचं. नमुना आवडला. जरा जड आहे, दो. मालकांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाले, पुढचं पान कुठं गेलं? मलाही तसंच वाटलं. मी पुढचं पान मागवलं. तासाभराने तेच पान पुन्हा आलं, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, एकूण पानं एक. मग मी कोश काढून बसले आणि मालकांना समजावलं की इंग्रज माणूस कडू गोष्ट आधी सांगून टाकतो आणि ‘पण’ शेवटी ठेवून गप्प बसतो. पुढचं ज्याने त्याने ओळखायचं. मालक म्हणाले, वजन कमी करा म्हणायला काय धाड भरली होती का त्याला. मी मात्र खुशीत होते. ‘मराठीत असा शब्दच नाही’ असं मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मराठीत शेवटी ‘पण’ म्हणून गप्प बसलं तर ऐकणारा ‘पण काय’ असं विचारल्याशिवाय राहत नाही, हा माझा मुद्दा होता. तेव्हा मला कोल्हापुरात येऊन वर्षही झालं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी बशीरभाईंची चौकशी झाली.

बशीर मुजावर आमच्याकडे क्रेन चालवत. क्रेन म्हणजे वर छतालगत फिरणारी, तिच्या आकड्याला लॅडल टांगलेलं असतं. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड नेण्याची मोठी बादली. क्रेनवाला खाली उभा असतो, हातात लोंबत्या वायरीला लावलेली बटणांची डबी. भट्टीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून साच्याजवळ उभा असलेला माणूस हाताने खूण करतो आणि क्रेनवाला त्या खुणेवर बटण दाबतो. त्या दिवशी दुपारी लॅडल वेळेआधी खाली आलं, साच्याच्या काठावर आपटलं आणि उसळलेलं लोखंड शंकर चौगुले यांच्या उजव्या पायावर पडलं. शंकरराव आणि बशीरभाई एकाच गावचे, हुपरीचे. दोघं एकाच एसटीने यायचे, एकाच डब्यात जेवायचे. शंकररावांचा जीव वाचला, पाय कितपत वाचेल ते डॉक्टर सांगत नव्हते.

आमच्या मालकांचे एक भागीदार मुंबईचे होते. माल आणि गिऱ्हाईक मालकांकडे, माणसं आणि शिस्त भागीदारांकडे, अशी वाटणी होती. भागीदारांना मराठी येत नव्हतं. त्यांनी एक वकील चौकशीला पाठवला आणि जबाब इंग्रजीत टाइप करायला मला बसवलं. बशीरभाईंना सोबत कुणाला तरी आणायची मुभा होती. ते एकटेच आले. वकिलांनी विचारलं, बटण कुणी दाबलं?

बशीरभाई खाली बघत म्हणाले, “बटण मीच दाबलं खरं.”

आणि गप्प बसले. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइप केलं, बटण मीच दाबलं हे खरं आहे. आणि पूर्णविराम दिला. पद्धतीप्रमाणे वाक्य मराठीत वाचून दाखवलं. बशीरभाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, काही बोलतील असं वाटलं, आणि त्यांनी सही केली. वकिलांनी अहवालात लिहिलं की कामगाराने दोष कबूल केला आहे. बशीरभाई त्याच दिवशी निलंबित झाले. कायमचं काढून टाकायचं पत्र मुंबईहून येणार होतं आणि त्याचा मसुदा माझ्याकडूनच करून घेतला होता. मसुदा चांगला जमला होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्यानंतर सहा आठवड्यांनी मी मंडईत वांगी घेतली. एक म्हातारी काकी बसायची, तिच्याकडून. वांगी कशी आहेत विचारलं तर म्हणाली, “कवळी हायती खरं.” इकडची माणसं दर वाक्याला ‘खरं’ म्हणतात याचं मला तोवर कौतुकच वाटत आलं होतं. मला वाटे, किती सच्ची माणसं. मी किलोभर घेतली. घरी चिरली तर एकूण एक किडकी. दुसऱ्या दिवशी मी काकीपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, खरं खरं म्हणून खोटं विकता होय?

काकी चिडली नाही. तिला माझी दयाच आली असावी. म्हणाली, “वैनी, मी कवळी हायती खरं म्हटलं. तुम्ही फुडं इचारलं न्हाईसा. मला वाटलं, वैनीस्नी चालत्यात.”

मी म्हटलं, पुढं काय विचारायचं?

“खरं काय, म्हणून इचारायचं. कवळी हायती खरं किडकी हायती. आमच्यात खरं म्हंजे पण.”

बाजूच्या दोन बायका हसायला लागल्या. मीही हसले, आणि हसता हसताच मला बशीरभाई आठवले. बटण मीच दाबलं खरं. म्हणजे बटण मीच दाबलं, पण. त्या माणसाने वाक्य पुरं केलंच नव्हतं. पुरं मी केलं होतं, त्याच्या वतीने, त्याच्या विरुद्ध. आणि जो शब्द मराठीत नाहीच असं मी छाती ठोकून सांगितलं होतं, तो माझे मालक दिवसातून पन्नास वेळा वापरत होते. वाक्य पुढे चालू राहिलं की अर्थ आपोआप कळायचा, म्हणून मला कधी अडलं नव्हतं. अडलं ते नेमकं जिथे वाक्य थांबलं तिथे.

पुढच्याच रविवारी मी हुपरीची एसटी पकडली. बशीरभाईंचं घर विचारत गेले. सगळ्या गल्लीत चांदी ठोकल्याचा आवाज. बशीरभाईंच्या घरीही पैंजणांचं काम चालायचं, त्यांच्या पत्नी जैनबभाभी जोडकामाला बसल्या होत्या. मला बघून त्या चहा टाकायला आत गेल्या. येताना वाटेत एका पोक्त गृहस्थाने मला सांगितलं होतं, ज्यानं दोस्ताला जाळला त्याचंच घर ना, ते काय तिथं. गावात अशी ख्याती झाली होती, आणि तिला माझ्या पूर्णविरामाचा आधार होता. मी बशीरभाईंपुढे बसले आणि जास्त काही प्रस्तावना न करता विचारलं, “खरं काय?”

त्यांनी पुढ्यातला पैंजणांचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं खरं म्हणजे काय ते. मी वांग्यांची हकीकत सांगितली. ते थोडं हसले आणि मग त्यांनी मला जे होतं ते सांगितलं. खूण शंकररावांनी केली होती. साचा तयार नव्हता, शंकररावांचं लक्ष दुसरीकडे होतं आणि हात खाली गेला. बशीरभाईंनी हात बघितला आणि बटण दाबलं. कारखान्यात बोललं जात होतं की चूक जखमी माणसाची निघाली तर त्याला भरपाई मिळत नाही. हे खरं की खोटं, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“त्येचा पाय कामातनं गेलाय बाई. आता मी त्येचं नाव घेऊन भरपाईबी घालवू व्हय?”

मी म्हटलं, पण मी तुमच्या तोंडी कबुली घातली. तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?

ते म्हणाले, “तुम्ही वाचलासा तवाच मला कळलं, तुम्हाला कळलं न्हाई म्हणून. म्हटलं, बरंच झालं.”

 माझी चूक या माणसाने लपायला जागा म्हणून वापरली होती, आणि त्या जागेपायी नोकरी घालवायला तो तयार होता. मला रडू आलं. मी म्हटलं, तुमचं गुपित मी कुणाला सांगणार नाही, पण चुकीचं भाषांतर मी तसंच ठेवू शकत नाही, ते माझं काम आहे. त्यांनी आधी नको म्हटलं. शेवटी म्हणाले, बोललो तेवढंच लिहा. पुढचं एक अक्षर नाही.

बोललं तेवढंच लिहायचं, हे सांगायला सोपं आहे. रात्रभर नाही, पण सोमवारचा अख्खा दिवस मी त्या एका वाक्यावर बसले. शेवटी ‘बट’ टाकला तर टाइप करता करता कागद संपला असं वाटायचं. ‘हाउएव्हर’ टाकला तर क्रेनवाला अचानक बॅरिस्टर झाल्यासारखा. ‘यट’ने अर्थच बदलत होता. आणि मग तो इंग्रज गिऱ्हाईक आठवला. बटण मी दाबलं, दो. वाक्य व्याकरणाने पुरं, माणसाच्या मनाने अपुरं. इतकं तंतोतंत भाषांतर मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. सोबत पत्र जोडलं की मूळ भाषांतरात माझी चूक झाली, ‘खरं’ या शब्दाचा स्थानिक अर्थ मला माहीत नव्हता, आणि जबाबाला कबुली समजू नये; दोन्ही कागद मुंबईला पाठवले. वकिलांचा फोन आला. माझी नोकरी अजून कच्ची आहे याची त्यांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, मला माहीत आहे. 

भागीदारांचं उत्तर फॅक्सने आलं. कागदावर दोनच शब्द होते, ‘दो व्हॉट?’

म्हणजे, पण काय? मी तो कागद घेऊन बसून राहिले. उत्तर मला माहीत होतं आणि देता येत नव्हतं. बशीरभाईंना शब्द दिला होता. आठ दिवसांत खुलासा आला नाही तर पहिला अहवाल कायम, असं वकिलांनी कळवलं. मी हुपरीला निरोप पाठवला. बशीरभाईंचा उलट निरोप आला की बाईंना म्हणावं त्रास करून घेऊ नका.

आता या गोष्टीतलं शहाणं माणूस कोण ते सांगते. त्या रविवारी मी आणि बशीरभाई बोलत होतो तेव्हा जैनबभाभी आत चहा गाळत होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. शब्द मी दिला होता, बशीरभाईंनी स्वतःला बांधून घेतलं होतं, भाभींना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या एक दिवसाआड शंकररावांना दवाखान्यात डबा घेऊन जायच्या. नवरा निलंबित झाल्यावरही त्यांनी डबा बंद केला नव्हता. फॅक्सची गोष्ट कळल्यावर त्या डबा घेऊन गेल्या, शंकररावांचं जेवण होईपर्यंत थांबल्या आणि मग त्यांना विचारलं, भाऊजी, खूण कुणी केली होती? शंकररावांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं की बशीर घरी बसलाय. त्यांना वाटत होतं, तो लाजेने भेटायला येत नाही.

पुढे सगळं बरं झालं, ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. बशीरभाई कामावर आले. शंकररावांची भरपाई थांबली नाही. भागीदारांनी उलट वकिलांनाच झापलं की खुणा कशा करायच्या हे कामगारांना कधी शिकवलं होतं का, हे तुम्ही चौकशीत विचारलं का नाही. त्यानंतर खुणांचं रीतसर शिक्षण सुरू झालं. पण बशीरभाई पुन्हा क्रेनला गेले नाहीत. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत निवृत्त झाले. हुपरीतल्या लोकांच्या तोंडून ते जे दोन महिने ऐकत होते, त्याचं मी काही करू शकले नाही. मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले होते, तुमचं काय चुकलं, तुम्ही बाहेरच्या. ते समजुतीने म्हणाले होते, तरी मला ते लागलं, कारण ज्याची भाषा येत नाही त्याचा जबाब घ्यायला मी बसायलाच नको होतं. मला येत नाही असं त्या दिवशी म्हणता आलं असतं. मला वाटलं होतं की मराठी मला येते.

हल्ली भाषांतर फोन करतो. माझी भाची म्हणते, आत्या, तुझं काम आता मशीन करतं. परवा मी तिच्या फोनमध्ये बशीरभाईंचं वाक्य घातलं. फोनने माझ्याइतक्याच आत्मविश्वासाने माझीच चूक केली. मला त्याचा राग आला नाही.

मला सांगायचं आहे ते त्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाचं. सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या टेबलापुढे कुबड्या वाजल्या. शंकरराव होते. दवाखान्याने सोडलं नव्हतं, ते रिक्षाने निघून आले होते. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पांढरं बँडेज. मी खुर्ची दिली. त्यांना बसायला बराच वेळ लागला, मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाले. मग त्यांनी विचारलं की बशीरचा जबाब लिहिणाऱ्या बाई तुम्हीच का. मी हो म्हटलं. म्हणाले, मग माझाबी लिहा.

मी टाइपरायटरवर कागद चढवला. ते बोलायला लागले.

“बटण बशीरनं दाबलं खरं.”

एवढं बोलून ते थांबले आणि माझ्या बोटांकडे बघत राहिले. मी बोटं उचलून धरली. बाहेर भट्टीचा भोंगा झाला, कुणीतरी दारातून डोकावून गेलं, तरी मी हात खाली घेतले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तो शर्टाच्या बाहीने पुसला.

“हात मी केलता,” ते म्हणाले. “आता द्या टिंब.”